आमच्या तळ्यातली मरळ

नदीतले देशी मासे वाचवायचे तर नुसती नदी सांभाळून भागत नाही, तिला पाणी देणारं प्रत्येक तळं, प्रत्येक नाला सांभाळावा लागतो. मत्स्यखात्याच्या ऑफिसात मी हे इतकी वर्षं लिहितेय की आता झोपेतही बरळते, असं माझा नवरा निखिल म्हणतो. मग यमुनेजवळच्या मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीमागचं तळं तरी मी साफ करून दाखवणारच होते. माझ्यासारखी तज्ज्ञ हाताशी असताना अडणार काय?

त्या तळ्यात कुण्या महाभागाने तिलापिया सोडला होता. हा परदेशी मासा म्हणजे एक खोली भाड्याने घेऊन अख्खी बिल्डिंग बळकावणारा भाडेकरू. पावसाळ्यात तळं भरलं की पाणी नाल्यातून यमुनेला मिळतं, म्हणजे हाही तिकडे जाणार. तो काढून खड्ड्यात पुरायचा, हे मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये हिंदीतून समजावलं. सगळे 'बिल्कुल, बिल्कुल' म्हणाले. सासरे, तात्यासाहेब, तेवढे मीटिंगला आले नव्हते. त्यांनी फक्त घरी चाललेली माझी भाषणाची तालीम ऐकली होती, तीही पेपर वाचता वाचता.

रविवारी कोळी बोलावून जाळं टाकलं. तिलापियाने टब भरले. शेवटच्या ओढीला मात्र चक्क एक मरळ आली. आपली देशी मरळ, त्या गर्दीत तग धरून राहिलेली! मला भरूनच आलं. तळं साफ झालं की तिला परत सोडायचं ठरवून मी ती बादलीत ठेवली.

तेवढ्यात डायरेक्टरसाहेबांनी तातडीने बोलावलं. निघताना मी तात्यासाहेबांना टबांची व्यवस्था लावायला सांगितलं आणि निखिलला म्हटलं, "मरळ घरी ने. तिचं नीट बघ."

ऑफिसात विषय होता, यमुनेत परदेशी मासे येण्यापासून कसे रोखायचे. मी तावातावाने बोलत असताना फोनवर सोसायटीच्या ग्रुपचा व्हिडिओ आला. यमुनेचा घाट. मागे ई-रिक्शा. तात्यासाहेब टब उपडे करतायत, शेजारच्या बायका आरती ओवाळतायत. खाली लिहिलेलं, 'देवयानीजी के मार्गदर्शन में मछलियों को जीवनदान'. साहेबांनी कौतुकाने वाकून पाहिलं आणि मासे कुठल्या जातीचे म्हणून विचारलं. व्हिडिओ अस्पष्ट आहे, असं मी सांगितलं.

घरी पोचले ती धुमसतच. तात्यासाहेब शांत होते.

"तूच घोकत होतीस ना, हे यमुनेत पोचणार म्हणून? मग पावसाळ्यापर्यंत त्या जिवांना कशाला ताटकळत ठेवायचं?"

"तात्या, पोचतील म्हटलं होतं मी. पोचवा नव्हतं म्हटलं."

आयुष्यभर ज्याच्याविरुद्ध लढले तो मासा माझ्या नावाने, आरती ओवाळून, नदीत! म्हटलं, जाऊ दे, निदान मरळ तरी वाचली. बादली कुठेय म्हणून स्वयंपाकघरात गेले, तर निखिल गॅससमोर उभा, हात कोपरापर्यंत हळदीचे.

"नीट बघ म्हणालीस ना," तो म्हणाला, "म्हणून आईच्या पद्धतीने केली. वाटणसुद्धा पाट्यावरचं."

परदेशी मासा यमुनेत आणि देशी कढईत! या घरात आज कुणाशी अक्षरही बोलायचं नाही असं ठरवून मी जेवायला बसले, आणि ते पाळलंही. फक्त रस्सा मात्र दोनदा मागून घ्यावा लागला.