पाठीवरची नक्कल

हरिहर देवस्थळींनी प्रतिज्ञा केली ती कल्याणला, मेहुण्याच्या मुलाच्या मुंजीत, भर पंगतीत, आणि तीही उभ्याने. बसून केली असती तर बरं दिसलं असतं. पण बसल्यामुळेच तर सगळा घोटाळा झाला होता.

अंगात लग्नातला कोट होता. काळा, तीन बटणांचा, दहा वर्षांपूर्वी शिवलेला. दहा वर्षांत कोट होता तेवढाच राहिला, हरिहरपंत तेवढे राहिले नाहीत. ते पाटावर बसले, वरणभाताला हात घातला, आणि मधलं बटण ताडकन सुटून समोरच्या पंगतीत भटजींच्या अळूच्या द्रोणात पडलं. भटजींनी ते खोबऱ्याचा काप समजून तोंडात घातलं आणि बराच वेळ चावलं.

मांडव हसला. हसू द्या. ठाण्याच्या कोर्टात पंधरा वर्षं नक्कलनवीस म्हणून बसलेल्या माणसाला लोकांच्या हसण्याची सवय असते. पण तुपाची वाटी घेऊन वाढायला आलेली त्यांची स्वतःची बायको, मंदाकिनी, तीही हसली. इतकी हसली की वाटी खाली ठेवून तिला खांबाला टेकावं लागलं. ते मात्र हरिहरपंतांच्या काळजाला लागलं.

"मंदा," ते उभे राहून म्हणाले, "हाच कोट, तिन्ही बटणं लावून, अंगात घालीन आणि मगच तुला न्यायला येईन. तोवर तू इथंच राहायचंस."

मंदाकिनीनं पदरानं डोळे पुसले. "राहते की. माझं माहेर आहे. आंबे संपेपर्यंत आलात तरी चालेल. यंदाचेच आंबे असं काही नाही."

झालं. फाल्गुनातली ही गोष्ट. हरिहरपंत एकटेच ठाण्याला परतले.

चरईत घरमालकीण आवडाबाईंच्या घरात वरच्या मजल्यावर त्यांचं बिऱ्हाड. बिऱ्हाडात नवराबायको दोघंच, तिसरं कोणी नाही. त्या संध्याकाळी कुलूप काढून आत गेल्यावर त्यांना कळलं की मांडवात प्रतिज्ञा करणं सोपं, पण ती घरी घेऊन यावी लागते. तव्यावर झाकण होतं. आरशाच्या कडेला तिचा केसांचा एक आकडा अडकवलेला होता. तो त्यांनी काढला, पुसला आणि परत तिथेच अडकवला.

खरी पंचाईत रविवारी झाली. त्यांचा हात पाठीवर फार तर खांद्याखाली चार बोटं पोचे. त्यापलीकडचा सगळा मुलूख मंदाकिनीचा. दर रविवारी ती नारळाच्या शेंडीनं त्यांची पाठ चोळायची आणि चोळता चोळता आठवडाभराचं सगळं सांगायची. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या सुनेनं काय केलं, सगळं. त्या रविवारी हरिहरपंत मोरीत बसले, दोन तांबे डोक्यावर ओतले आणि बराच वेळ नुसतेच बसून राहिले. पाठ कोरडीच राहिली. तिच्याशी बोलायला कोणी नव्हतं.

मग त्यांनी कंबर कसली, म्हणजे कसता येईल तेवढी. पहिल्या दिवशी घरातच सूर्यनमस्कार घातले. बाराचा संकल्प होता. तिसऱ्या नमस्काराला खालून आवडाबाई जिना चढून आल्या. त्यांच्या वाडवडिलांची मिठागरं होती, आता घरं भाड्यानं दिलेली होती, आणि घरावर त्यांचा जीव होता.

"भाऊ, घर पाडाचं हाय तं तसं सांगा. मी सामान भायेर काढते. माज्या भातात वरचा चुना परलाय."

तेव्हापासून व्यायाम तलावावर गेला. पहाटे धोतराचा काचा मारून, अंगात सदरा घालून हरिहरपंत तलावाभोवती पळू लागले. पळू लागले म्हणजे त्यांच्या मते पळू लागले. बाजूनं चालत जाणारे पेन्शनर त्यांना ओलांडून जात आणि जाताना "नमस्कार" म्हणण्याइतका वेळही त्यांना मिळे.

पळणं परवडलं, पण घाम नको असं त्यांना झालं. अर्धी फेरी झाली की कपाळावरून धार लागे, ती डोळ्यांत उतरे आणि समोरचा रस्ता दिसेनासा होई. मांड्या एकमेकींना घासून अशा सोलवटत की पुढं ऑफिसात पाय फाकवून चालावं लागे. पाठीचं तर विचारूच नका. सदरा असा चिकटे की तो सोलून काढावा लागे, आणि त्याखाली चैत्रातलं घामोळं सुयांसारखं टोचे. ते खाजवायला हात पोचत नसे. एकदा त्यांनी तलावाकाठच्या वडाला पाठ घासून पाहिली, तर दोन शाळकरी पोरी उभ्या राहून बघू लागल्या. मग तेही सोडलं.

"आमचा बाप दिसभर मिठागरात राबायचा," आवडाबाई म्हणाल्या, "पन एवरं मीठ त्याच्याबी अंगातशी निंगालं नाय."

हरिहरपंतांना घामाची लाज आजची नव्हती. लग्नात होमापाशी बसले होते तेव्हाही असाच घाम सुटला होता. धूर, कोट, समोर दोनशे माणसं. पुसायला हात उचलावा तर भटजी म्हणत, हात जोडून ठेवा. तेव्हा शेजारी खाली मान घालून बसलेल्या नव्या नवरीनं, कोणाला दिसणार नाही असं, गाठ मारलेल्या शेल्याचं टोक त्यांच्या हातात सरकवलं होतं. तोपर्यंत दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलली नव्हती. ते टोक त्यांना अजून आठवे, आणि आता तलावाच्या पायरीवर धापा टाकत बसलं की जास्तच आठवे.

उपाय सापडला तो कचेरीत. शेजारच्या टेबलावरच्या श्रीपादची दौत कलंडली. श्रीपादनं शांतपणे त्यावर एक टीपकागद टाकला, आणि बघता बघता सगळी शाई त्या कागदानं पिऊन टाकली. हरिहरपंत लेखणी खाली ठेवून बघतच राहिले. जो अख्खी दौत पितो, त्याला आपला घाम काय जड?

वापरलेले जाड टीपकागद त्यांच्या खणात साठले होतेच. दुसऱ्या दिवसापासून ते दोन कागद पाठीला लावून, वरून पंचा बांधून पळू लागले. आता माणूस कोर्टातला, व्यवस्थित. त्यांनी विचार केला की शाईची बाजू बाहेर ठेवली तर सदरा खराब होईल, आणि सदरा धुवायला घरात कोण आहे? म्हणून शाईची बाजू आत, पाठीकडे. कोरी बाजू सदऱ्याकडे. सदऱ्यावर एक डाग पडला नाही. हरिहरपंतांना आपल्या अकलेचं कौतुक वाटलं आणि घामही खरोखर कमी टोचू लागला.

इथं एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवतो, जी हरिहरपंतांनी कोणालाच सांगितली नव्हती. रोज मधल्या सुट्टीत ते एक पत्र लिहीत. सुरुवात कोर्टाच्या थाटात असे. 'सौ. मंदाकिनीस अनेक आशीर्वाद. कळविण्यास कारण की, पिठाचा डबा मिळून येत नाही.' मग आवडाबाईंची खुशाली, मग विहिरीचं पाणी. आणि शेवटी, रोज, काहीही ठरवून बसले तरी, लेखणी एकाच ओळीवर येई. 'तुझ्यावाचून करमत नाही.' ती लिहिली की टीपकागद दाबायचा, पत्र वाचायचं, मांडवातलं ते खांबाला टेकलेलं हसू आठवायचं, आणि पत्र फाडून टोपलीत टाकायचं.

पत्र फाटे. टीपकागद मात्र राही. वरच्या ओळी लिहिता लिहिताच वाळून जात, कागद टिपायचा तो शेवटची ओली ओळ. कोर्टाच्या नकलांचंही तसंच. प्रत्येक नकलेच्या तळाशी हरिहरपंत आपल्या टपोऱ्या अक्षरात 'अस्सलबरहुकूम नक्कल', म्हणजे मुळाप्रमाणे तंतोतंत उतरवलेली, असं लिहून सही ठोकत, आणि टिपत. टीपकागदावर अक्षर उलटं उमटतं, ते कोण वाचणार? पण कोर्टाची शाई पुडीची, पाण्याचा हात लागला की सुटणारी. ती घामेजलेल्या पाठीवर पुन्हा सुलटी उमटली. रोज एक, रोज एक. आणि ज्या मुलखात हात पोचत नाही, तिथं ती धुणार कोण?

पाठ पाहिली ती फक्त आवडाबाईंनी. चैत्र संपता संपता एका सकाळी हरिहरपंत विहिरीवर उघड्या अंगानं पाणी शेंदत होते आणि आवडाबाई मागून कळशी घेऊन आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांना खांद्यापासून कमरेपर्यंत जांभळं-निळं, वळवळलेलं काहीतरी दिसलं.

"भाऊ, पाठ दुखते काय?"

"छे, छे. उलट हलकं वाटतंय. दोन बोटं पोट उतरलंय," हरिहरपंत अभिमानानं म्हणाले.

हलकं वाटतंय म्हणजे आता संपलंच, असं आवडाबाईंनी ताडलं. त्यांच्या सासऱ्यांनाही शेवटी हलकं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला भेटायला म्हणून कल्याणला गेल्या आणि मुलीकडं जायच्या आधी मंदाकिनीच्या माहेरी जाऊन ओट्यावर बसल्या.

"वयनी, तुजा घरवाला लय पलतोय गो. पलून पलून रगत पाठीवर चरलंय. सगली पाठ निली-काली. मी माज्या डोल्यानी बगलं. वर सांगतो कसं, हलकं वाटतंय."

मंदाकिनीच्या हातातलं कैऱ्यांचं ताट तिथंच राहिलं. खरं सांगायचं तर ती दोन महिने रोज संध्याकाळी ओट्यावर बसून रस्त्याकडं बघत होती. तिन्ही बटणं नकोत, एक लावून आले तरी चालेल, इथवर ती आली होती. पण स्वतःहून जायचं म्हणजे भावजयीसमोर कमीपणा. आता कमीपणाला जागाच उरली नाही. तासाभरात ती आवडाबाईंना घेऊन ठाण्याला निघाली. लेकीकडं जायचं आवडाबाईंच्या ध्यानातच राहिलं नाही.

तो रविवार होता. हरिहरपंत आरशासमोर कोट घालून उभे होते. सदऱ्यानं जागा खाल्ली असती म्हणून कोट उघड्या अंगावर घातला होता. भटजींकडून तेव्हाच परत घेतलेलं मधलं बटण त्यांनी स्वतः शिवलं होतं. वरचं लागलं होतं, मधलंही लागलं होतं. खालचं काजापासून दोन बोटं लांब होतं आणि त्यांनी श्वास रोखून धरला होता. दार वाजलं. दारात मंदाकिनी.

हरिहरपंतांचा श्वास सुटला. दोन्ही बटणं गेली. एक आरशावर आपटलं, दुसरं कपाटाखाली.

मंदाकिनी हसली नाही. "कोट काढा."

"अगं, पण अजून एकच बटण राहिलं होतं. तू आठ दिवस थांबली असतीस तर..."

"कोट काढा म्हणते ना. पाठ बघू."

त्यांनी कोट काढला आणि पाठ फिरवली. मागं काहीच आवाज होईना. तोंड दाबून हसतेय, असं त्यांना वाटलं. मनातून अगदी पडले. दोन महिने घाम गाळला, मांड्या सोलल्या, पेन्शनरांकडून हरलो, आणि शेवटी पुन्हा हसूच.

"हस," ते भिंतीकडं बघत म्हणाले. "खांब नाही इथं टेकायला. दाराला टेक."

मग तिचं बोट पाठीला लागलं. खांद्यापासून सुरू झालं आणि हळूहळू उजवीकडं सरकू लागलं, शाळेत पहिलीतली मुलं वाचताना सरकवतात तसं.

"तुझ्यावाचून करमत नाही," मंदाकिनी म्हणाली. बोट खाली आलं. "तुझ्यावाचून करमत नाही. इथं तिरकं आहे. तुझ्यावाचून करमत नाही." ती कमरेशी पोचली. "अस्सलबरहुकूम नक्कल. ह. वि. देवस्थळी."

हरिहरपंतांना कपाळापासून तळव्यापर्यंत असा घाम फुटला, की तलावावर कधी फुटला नव्हता. टीपकागदाचं सगळं गणित त्यांना एका क्षणात उलगडलं.

"अस्सल कुठंय?" मंदाकिनीनं विचारलं.

"पत्रं होती. फाडली."

"सगळी?"

"सगळी. रोज एक लिहिलं आणि रोज एक फाडलं."

"मग आता तोंडी सांगा."

हरिहरपंतांनी तोंड उघडलं. कोर्टात दहा-दहा पानांच्या नकला उतरवणारा माणूस, एक ओळ बाहेर येईना. कपाळावरची धार डोळ्यांत उतरली, आता ती निव्वळ घामाची राहिली नव्हती. त्यांच्या हातात काहीतरी सरकलं. मंदाकिनीनं पदराचं टोक दिलं होतं. त्यांनी तोंड पुसलं आणि पुसता पुसता, पदरातच, ती ओळ म्हटली.

"काय गो वयनी," आवडाबाई जिन्यातून म्हणाल्या, "काय रोग हाय?"

"जुनाच आहे," मंदाकिनी म्हणाली. "पाणी तापवते. उतरेल."

मोरीत पाट मांडला गेला. नारळाची शेंडी निघाली. मंदाकिनी चोळत होती आणि दोन महिन्यांचं साठलेलं सगळं सांगत होती, भावजयीपासून कैऱ्यांपर्यंत. हरिहरपंत डोळे मिटून 'हूं, हूं' करत होते. मोरीतून निळं-जांभळं पाणी वाहत होतं.

"पण कोटाचं काय?" मध्येच त्यांनी विचारलं. "मी तर न्यायला आलोच नाही."

"बटणं मी दोन बोटं पुढं घेऊन लावते. तुम्ही उद्यापासून पळायला जा. फक्त कागद न लावता जा."

"घाम येतो गं फार."

"येऊ दे. मी आहे ना पुसायला."

"गेलं का सगळं?"

"गेलं," मंदाकिनी म्हणाली आणि पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिहरपंत विहिरीवर पाणी शेंदत होते. आवडाबाईंनी मागून नीट निरखून पाहिलं आणि मंदाकिनीला बाजूला घेतलं.

"वयनी, बराच उतरलाय. पन खांद्याखाली, त्याचा हात पोचत नाय तिथं, एक निली वल राह्यलीय बग."

"राहू दे तेवढी," मंदाकिनी म्हणाली.