चुगलखोर डब्याची परीक्षा

मला गंडवणारा अजून जन्मायचाय! भाजीवाल्याच्या तराजूखालीसुद्धा मी वाकून बघतो. म्हणून सत्त्याण्णव साली धुळ्याच्या आमच्या गोदाम-ऑफिसात कॉम्प्युटर आला, तेव्हा सगळे पेढे खात होते आणि मी एकटा मागच्या वायरी मोजत होतो.

"पत्रं, तक्ते, बठ्ठं एकाच डब्यामा शे म्हणे!" निंबानाना शिपाई म्हणाले.

"मग ही वायर साहेबांच्या केबिनमध्ये कशाला गेलीय?"

"ती पंखानी शे, भाऊ."

म्हणे पंख्याची! आपण लिहू ते हा डबा परस्पर साहेबांना कळवणार, याची मला खात्री होती.

त्यात माझा जीव टांगणीला लागलेला. जामनेरच्या गोदामात कारकुनाची जागा रिकामी झाली होती. आई तिथे एकटी, डोळ्यांनी अधू. बदलीचा अर्ज साहेबांच्या शिफारशीने त्याच आठवड्यात जायला हवा होता आणि साहेबांचं फर्मान निघालं, यापुढे सगळे कागद कॉम्प्युटरवरच!

तानुबाई टायपिस्टने माझा अर्ज टाईप केला आणि ती डबा खायला गेली. मी म्हटलं, आत्ताच याची परीक्षा घेऊ. पानभर अर्जाच्या खाली एका बोटाने टाईप केलं, 'साहेब रोज दोन ते चार कपाटाआड झोपतात. घोरतात.' आता साहेब धावत आले, तर डबा चुगलखोर!

दहा मिनिटं वाट पाहिली. कपाटाआडून नुसतं घोरणं ऐकू येत होतं.

डबा पास! मी बटण दाबून पडदा बंद केला. घरचा टीव्ही बंद केल्यावर बातम्या देणारी बाई आत राहते का? तसाच माझा मजकूरही गेला!

तासाभराने तानुबाईने अर्ज छापून आणला.

"भाऊ, दोन पानं निघालीत. सह्या करा."

"दोन प्रती काढल्यास? शाब्बास!" चष्मा घरी राहिला होता. मी दोन्हीवर झोकदार सह्या ठोकल्या आणि निंबानानांनी कागद टाचणी लावून थेट केबिनमध्ये नेले.

चौथ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. चेहरा हसरा! मला तिथेच संशय यायला हवा होता.

"अभिनंदन! बदली झाली तुमची."

"जामनेरला, साहेब?"

"वाचा की."

सातपुड्याच्या पायथ्याचं गोदाम, कायम रात्रपाळी! खाली साहेबांच्या अक्षरात शेरा होता, 'अर्जदार दुसऱ्यांच्या झोपेवर उत्तम लक्ष ठेवतात.' आणि त्याला जोडलेलं दुसरं पान. माझ्या सहीसकट!

"निंबानाना, मी सांगत होतो ना? डबा चुगलखोरच निघाला!" मी बाहेर येऊन ओरडलो.

"पण भाऊ, सही तर तुमनी शे ना?"

त्या संध्याकाळी आईला पत्र लिहिलं. हाताने. बदली झाली, पण जामनेरला नाही, एवढंच. लिहिताना फार वाईट वाटलं. आणि पाकीट चिकटवायच्या आधी चष्मा लावून पानाची मागची बाजू तीनदा तपासली.