झोपेची चिल्लर

आमच्या फ्लॅट स्कीमच्या वार्षिक सभेत मी झोपले होते, असं लांजेवारजींचं म्हणणं आहे. मी झोपले नव्हते. पाण्याच्या टाकीवर सव्वा तास चर्चा चालली होती आणि मी डोळे मिटून ऐकत होते, एवढंच. पण सभा संपल्यावर चहाच्या टेबलाशी लांजेवारजी आले, शर्टाच्या खिशातून डायरी काढली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "म्याडम, पंचवीस मिनिटं. मधात एक डाव जाग आली तुम्हाले, माईक पडला तव्हा."

"काहीतरीच काय! मी ऐकत होते."

"नोंद आहे," लांजेवारजी म्हणाले आणि डायरी माझ्यापुढे धरली.

दर पाच मिनिटांनी एक खूण. माणूस जागा असला की उभी रेघ, झोपला असला की टिंब. माझ्या नावापुढे पाच टिंबं होती. अध्यक्षांच्या नावापुढे सात होती, म्हणून मी वाद वाढवला नाही.

आता तुम्ही म्हणाल, काय हा भोचक माणूस! छे, भोचकपणा नाही तो. मी ज्या फार्मसी कॉलेजात शिकवायची, तिथल्या प्राणीघरात लांजेवारजींनी अख्खी नोकरी काढली. पांढरे उंदीर त्यांच्या ताब्यात. कोण खातंय, कोण आजारी, कोण झोपलंय, हे पाहायचं आणि लिहायचं. उंदीर सुटले, पण पाहणं आणि लिहिणं काही सुटलं नाही. निवृत्तीनंतर शहराच्या कडेला, बेशाला त्यांनी फ्लॅट घेतला तेव्हा त्यांच्या बायकोचा, शकूबाईंचा मला फोन आला, "म्याडम, तुम्ही बी इथीच घ्या. याईच्या उंदराईच्या गोष्टी ऐकाले मले एकटीले सोडू नोका." घेतला आम्हीही.

माझी पीएचडी लांजेवारजींच्या जिवावर झाली. विषय होता म्हातारपणी उंदरांच्या झोपेचं काय होतं. विषय घेताना मला एक साधी गोष्ट सुचली नव्हती. म्हातारा उंदीर बाजारात मिळत नाही, तो आपल्यालाच म्हातारा करावा लागतो! दोन वर्षं मी नुसती वाट पाहत बसले. सासूबाई विचारायच्या, "केव्हा होणार गं तुझं?" मी म्हणायची, "उंदीर म्हातारे झाले की." त्या बिचाऱ्या साऱ्या मोहल्ल्यात तेच सांगत फिरायच्या.

लांजेवारजींना मात्र हा विषय मनापासून आवडला होता. "सगळ्याले कोवळे पाहिजेत म्याडम, भेंडी घ्याले आल्यासारखे. म्हाताऱ्याले कोणी इचारत नाही," असं म्हणत त्यांनी खिडकीपासून दूरची एक अख्खी मांडणी माझ्या उंदरांना दिली. तिथे बारा तास दिवा, बारा तास अंधार. उंदीर उजेडात झोपतात आणि अंधारात बागडतात, त्यामुळे तो दिवा म्हणजे त्यांचा सूर्यच. उन्हाळ्यात लाईट गेली की लांजेवारजींचा जीव खालीवर व्हायचा. त्यांचा मेहुणा कोराडीच्या वीजकेंद्रात होता. त्याला थेट फोन! "काहून गा, माह्या उंदराईचा दिवस बुडवून राहिले तुम्ही!" मेहुणा कळवळून सांगायचा, "भाऊजी, मी राखेच्या खात्यात आहो. लाईट माह्या हातात नाही." पण दर वेळी फोन व्हायचाच.

त्या दिवसांची आठवण आली की अजून माझ्या नाकात भुशाचा वास येतो. लोखंडी स्टुलावर लांजेवारजी, हातात तक्ता, समोर घड्याळ. तरुण उंदीर सलग झोपायचे, टिंबांमागून टिंबं. म्हातारे मात्र जरा झोपले की जागे, इकडेतिकडे पाहिलं की पुन्हा झोपले. आणि दिवा बंद झाल्यावर, खेळायच्या वेळी, खाण्याच्या जाळीला तोंड लावून डुलक्या. मी म्हटलं, "झोप कमी झाली हो यांची." लांजेवारजींनी मान हलवली. "अंदाजपंचे बोलू नोका. टिंबं मोजा." मोजली, तर जवळजवळ तेवढीच भरली! "झोप तेवढीच राह्यते म्याडम," ते म्हणाले, "फक्त तिची चिल्लर होते." माझ्या शंभर पानी प्रबंधात याहून जास्त काही नाही, हे मी आज कबूल करते.

एकदा मी चहाला गेले आणि परत येऊन दोन रकाने अंदाजानं भरले. त्यांना कसं कळलं देव जाणे. त्यांनी अख्ख्या दिवसाच्या तक्त्यावर काट मारली. मी चिडले, रडायच्या बेतात आले. ते शांतपणे म्हणाले, "जनावर आपली नोंद आपण ठेवत नाही म्याडम. त्याच्या तर्फेनं आपण हाओत. आपण खोटं लिहिलं तर त्यानं कुठी जावं?" त्यानंतर मी चहा प्राणीघराच्या दारातच प्यायला लागले.

शकूबाई कधीमधी डबा घेऊन यायच्या. नवरा एका हातानं पोळी खातोय, दुसऱ्या हातानं टिंब देतोय. त्या मला म्हणायच्या, "माह्या सवती पांढऱ्या हायत म्याडम, अन् त्याईले शेपट्या हायत." लांजेवारजी घड्याळावरची नजर न काढता हसायचे.

मागच्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात शकूबाई गेल्या. चार दिवसांचा ताप, बस. लांजेवारजींची डायरी बंद झाली. सभेत कोणी घोरा की लोळा, त्यांचं लक्ष नाही. डोळे खोल गेले. विचारलं की एकच उत्तर, "डोळ्याले डोळा लागत नाही."

पोरगा पुण्याहून धावत आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. एक तर झोपेच्या गोळ्या सुरू करा, नाहीतर बेशाचं घर बंद करून पुण्याला चला. पोराचं चुकलं असं मी म्हणणार नाही, घाबरला होता तो. पण लांजेवारजींना दोन्ही नको होतं. "शकूनं टाइल्स निवडल्या या घराच्या," एवढंच म्हणायचे.

पोरगा त्यांना एका नव्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी विचारलं, "किती तास झोपता?"

"नोंद नाही."

"अंदाजे?"

"अंदाजपंचे मी बोलत नाही, डॉक्टर."

पोरानं कपाळावर हात मारला. डॉक्टर मात्र हसले आणि म्हणाले, "मग आठ दिवसांची नोंद आणा. ती पाहून गोळ्यांचं आणि पुण्याचं ठरवू."

पोरानं मनगटावर बांधायचं एक घड्याळ घेऊन दिलं. झोप मोजतं म्हणे. लांजेवारजींनी त्याचीच परीक्षा घेतली. अर्धा तास टीव्हीपुढे न हलता भजन ऐकत बसले. घड्याळानं ती झोप धरली! "मी जागा, अन् हे निजलो म्हणते. बदमाश!" घड्याळ कपाटात गेलं आणि पोरगा रजा संपली म्हणून पुण्याला.

दुसऱ्या दिवशी लांजेवारजी माझ्या दारात उभे. आत येईनात. "म्याडम, एक काम होतं. तुम्हाले मले पाहा लागन."

"पाहायचं? म्हणजे?"

"झोपेत," ते म्हणाले आणि बुटांकडे बघत राहिले. "आतापर्यंत सकाळी शकू सांगे, आज निजले तुम्ही, आज नाही निजले. आता मी निजलो का नाही, हे सांगणारं घरात कोणी नाही. मले माहीतच होत नाही."

मी म्हटलं, "तक्ता आणा."

तक्ता आखून तयारच होता. प्राणी क्रमांक एक. नर. वय एकाहत्तर वर्षं. शेपटीवरची खूण: लागू नाही. निरीक्षक म्हणून माझं नाव आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. मी हसू दाबलं, कारण लांजेवारजी अजिबात हसत नव्हते.

रात्रीचं पाहणं काही जमण्यासारखं नव्हतं, दिवसाचं ठरलं. सकाळी ते खालच्या बाकावर पेपर वाचायचे, तेव्हा मी बाल्कनीतून पाहायची. दुपारी दोन ते चार त्यांच्या घरी, दार सताड उघडं, कूलर चालू, खोलीच्या उंबऱ्याशी माझी खुर्ची. पहिल्या दुपारी हा माणूस फोटो काढायला निजल्यासारखा ताठ पडून राहिला. मधूनच एक डोळा उघडून, "लिहून राहिल्या नं?" सगळ्या उभ्या रेघा! पण त्याच सकाळी बाकावर पेपरामागे दोन टिंबं मिळाली होती. संध्याकाळी तुळशीला पाणी घालून पायरीवर टेकले तिथे एक. मला माझे म्हातारे उंदीर आठवले. हा माणूस झोपत होता, फक्त त्याला पत्ता नव्हता. सांगितलं तर मान्य करेना. "पेपर वाचत होतो मी." मी तक्ता पुढे केला, तेव्हा पेपराची घडी घातली.

चौथ्या दुपारी ते खरे झोपले. मोठा पलंग, त्याच्या अगदी काठाला कुशीवर, पलीकडची जागा तशीच मोकळी. एक टिंब, दुसरं, तिसरं. आणि मग असा काही घोरण्याचा आवाज सुरू झाला, की कूलर ऐकू येईना! मी खुर्चीत दचकले. इतकी वर्षं ओळखते या सभ्य, हळू बोलणाऱ्या माणसाला, आणि हे काय प्रकरण! प्रामाणिकपणे शेऱ्यात लिहिलं, 'घोरणे. फार जोरात.'

जागे झाल्यावर त्यांनी आधी घड्याळ पाहिलं, मग मला विचारलं, "काय निघालं?"

"पस्तीस मिनिटं. मधे एकदा जाग."

त्यांनी चष्मा लावून तक्ता हातात घेतला. टिंबं मोजली. शेऱ्यापाशी येऊन थांबले.

"हे खरं आहे?"

"खरं आहे लांजेवारजी. लिफ्टपर्यंत ऐकू गेलं असेल."

त्यांनी तक्ता मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "लग्न झाल्यापासून शकू हेच सांगे. लय घोरता तुम्ही, मले झोप नाही येत. मी म्हणो, नोंद दाखव. ती बिचारी कुठून दाखवणार? मी तिले खोटं पाडत राह्यलो म्याडम. अन् ती बाजूले जागी राहून ऐकत राहे." त्यांनी चष्मा काढला. मी उठून पाणी आणायला गेले, आणि खरं सांगते, स्वयंपाकघरात मलाच रडू आलं.

परत आले तर लांजेवारजी तक्त्यावर काहीतरी लिहीत होते. मी वाकून पाहिलं नाही.

नवव्या दिवशी मी त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी आठही तक्ते नीट वाचले. म्हणाले, "झोप आहे की चांगली! तुकड्यातुकड्यांत आहे, दिवसा एवढी तर रात्रीही अशीच नकळत येत असणार, वयाचा भाग आहे. गोळ्या नकोत. सकाळी उन्हात फिरा. घर बदलायची काही गरज नाही, मुलाला मी सांगतो." लांजेवारजींनी हात जोडले.

मग डॉक्टर पुन्हा तक्त्याकडे पाहून म्हणाले, "निरीक्षक दोन दिसतात. या मॅडम तर इथेच आहेत. शकुंतला लांजेवार आल्या नाहीत का?"

"नाही," लांजेवारजी म्हणाले. "त्या आता येऊ शकत नाहीत. पण त्याईची नोंद बरोबर होती."