उलट्या पोत्यातला आंबेमोहोर

मुळशीला आमचं शेत आहे, हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा उच्चारलं तितक्या वेळा स्वतःचं नावही उच्चारलेलं नाही. कचेरीत साहेबाने रजा नाकारली की मी खिडकीबाहेर पाहत म्हणायचो, "ठीक आहे. शेवटी शेत आहेच!" शेजारच्या हैबतरावांनी नवी सायकल घेतली तेव्हा मी सायकलीला हात लावून म्हणालो, "छान. पण शेतात नाही चालायची."

एक गोष्ट मोकळेपणाने सांगून टाकतो. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी ते शेत पाहिलेलं नव्हतं. हिमालय आपला आहे म्हणणाऱ्यांपैकी कितीजण तिथं जाऊन आलेत? तसंच ते. शिवाय पुरावा घरी यायचा. दरवर्षी दिवाळी आटोपली की एका संध्याकाळी मी कचेरीतून येतो तो स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आंबेमोहोराचं पोतं उभं! वडील तात्या होते तेव्हाही, ते गेल्यावरही, आई गेल्यावरही. पोत्यावर दुकानाचा शिक्का नाही, नाव नाही, काही नाही. उलट, पोतं दरवेळी उलटं असायचं. शिवण बाहेर, सुतळ्या लोंबताहेत.

"भोळी माणसं!" मी दरवर्षी म्हणायचो. "पोत्याची सुलट बाजू कुठली, हेही शेत कसणाऱ्या वाटेकऱ्याला कळत नाही!"

आणि आमची ही दरवर्षी खाली मान घालून तांदूळ निवडत बसायची. मी त्याला विनय समजत होतो.

या शेताचा खरा उपयोग मला व्हायचा तो हिच्या थोरल्या भावापुढे. दिगंबरराव मुंबईला असतात. त्यांच्याकडे टेलिफोन आहे, बर्फाचं कपाट आहे, मोटार आहे. शेत नाही. दर भाऊबीजेला ते आले की मी त्यांना गेल्या सुगीचा दहा शेर तांदूळ बांधून देत असे आणि ते पिशवीत नाक घालून म्हणत, "वा! वास काय आहे!" तेव्हा मी अशा नम्रतेने हसायचो, की जणू तो वास माझ्याच अंगाला येत होता.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला ते मोटार घेऊनच आले. पाऊस गेलेला, आकाश घासून ठेवलेल्या पातेल्यासारखं लख्ख, सकाळी अंगावर शाल घ्यावी आणि दहाला काढून टाकावी अशी हवा. असा रविवार पुण्यात बसून घालवायचा? जेवता जेवता मी जाहीर करून टाकलं, "या रविवारी सगळ्यांनी शेतावर!"

हिच्या हातातला डाव आमटीत पडला.

"शेतावर कशाला?" ही म्हणाली. "पर्वतीला जाऊ. नाहीतर बंड गार्डनला."

"बंड गार्डन आपलं आहे का?"

"कशाला त्रास घेता?" दिगंबरराव म्हणाले. "तुम्ही सांगता त्यात आम्हाला सगळं दिसतंच की."

मत्सर! दुसरं काय? मी त्याच दुपारी 'जांभळीच्या शेताचे वाटेकरी यांस, मु. पो. मुळशी' असं पोस्टकार्ड टाकलं: 'रविवारी सहकुटुंब येत आहोत. योग्य ती तयारी ठेवणे.' शनिवारी अर्ध्या दिवसाची कचेरी करून आलो तर ही म्हणाली, "मला उद्या ताप येणार आहे." उद्याचा ताप आज कळत नसतो, हे मी तिला शास्त्राधारे पटवून दिलं.

रविवारी निघालो. मी, ही, आमची नऊ वर्षांची कुमुद, आणि मोटार चालवणारे दिगंबरराव. पौड गेलं. दोन्ही बाजूंना भात पिकून पिवळं झालेलं, बांधावर कुर्डूचे तुरे. प्रत्येक वावराशी कुमुद विचारी, "बाबा, हे आपलं?"

"नाही. आपलं याच्यापेक्षा बरं आहे."

खूण मला पाठ होती. आई लहानपणी सांगायची: जांभळीचं झाड, त्याच्याखाली शेंदूर लावलेला म्हसोबा, आणि खाली नदी. मुळशीच्या पुढे एका वळणावर मोटार वळली आणि मी सीटवरून उडालो. जांभळ! जांभळीखाली म्हसोबा! आणि त्यापलीकडे उतारावर सोन्यासारखं भात, थेट पाण्यापर्यंत!

"थांबवा! हेच ते!"

दिगंबररावांनी पाण्याकडे पाहिलं. पाणी डोंगरापर्यंत पसरलं होतं. "नदी जरा रुंद नाही वाटत?"

"यंदा पाऊस बरा झाला," मी म्हणालो.

आता, तिथं धरण आहे हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पुण्यात कोणाला ठाऊक नाही? पण धरणात जमिनी जातात त्या इतरांच्या, अशी माझी शिकलेल्या माणसाची समजूत होती.

झाडाखाली गेलो आणि माझी छाती दोन इंच वाढली. म्हसोबापुढे टोपली! टोपलीत नारळ, हळदकुंकू, उदबत्त्या, आणि शेजारी लखलखीत विळा!

"पाहिलंत? पोस्टकार्ड पोचलं! याला म्हणतात वाटेकरी!"

"अहो, दुसऱ्या कोणाचं असेल," ही घाईघाईने म्हणाली. "हात लावू नका."

"आपल्याच शेतात आपल्याच नारळाला?" मी नारळ दगडावर आपटला. पाणी कुमुदला दिलं, खोबरं सगळ्यांपुढे धरलं. कुमुदने आणि मी घरून आणलेल्या चिवड्याबरोबर खाल्लं. गोड होतं. ही आणि दिगंबरराव दोघांनाही एकाएकी भूक नव्हती.

मग मी विळा उचलला. "दिगंबरराव, कॅमेरा काढा! मालक कापणी करताना!"

"राहू द्या हो," ते म्हणाले. मी ऐकतो का? धोतर खोचलं, टोपी तिरकी केली, वरच्या बांधापासून तीन मुठी भात कापलं, चौथी मूठ उंच धरली आणि हसलो.

"आरं ए! कोन हाय रं त्यो वावरात?"

वरच्या पायवाटेने एक जबरदस्त शेतकरी धावत येत होता. काखेत कोंबडा. मागे डोक्यावर घागर घेतलेली त्याची बायको, आणि त्यांच्या मागे काठी टेकत एक म्हातारी.

"या, या!" मी म्हणालो. "मी मालक!"

कोंबडा आरवला.

"कशाचा मालक?" शेतकऱ्याने विचारलं.

"या शेताचा. तुम्हीच वाटेकरी ना? नारळ उत्तम निघाला हो!"

शेतकऱ्याने टोपलीकडे पाहिलं. मग करवंटीकडे. मग कुमुदच्या गालाकडे. "खाल्ला?"

"थोडा उरलाय," कुमुद म्हणाली.

"अगं बया!" बायकोने घागर खाली ठेवली. "देवाचा नारळ खाल्ला मेल्यानी! आन् आवं, इळाबी लावला की!"

त्याचं नाव गेणबा. वावर त्याचं, त्याच्या बापाचं. त्या दिवशी त्यांची कापणी सुरू व्हायची होती. सामान देवापुढे ठेवून ती मंडळी पाणी आणि कोंबडा आणायला घरी गेली होती. आधी देवाला नारळ, मग विळा, हा तिथला नेम. त्यात एक धोतरवाला आला, त्याने देवाचा नारळ चिवड्याला लावला आणि देवाच्या आधी विळाही चालवला.

"वरीसभराचं पीक हाय ह्ये," गेणबा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "ह्याच्यावर आमी सात मानसं जगतो. आता कुटला नारळ आनू? दुकान पौडाला!"

आमच्या हिने पिशवीत हात घातला आणि नारळ काढला. शेंडीसकट, हळदकुंकू लावलेला.

"हा कशाला आणलास?" मी चकित.

"आईंनी सांगून ठेवलं होतं. कधी गेलीस तर म्हसोबाला दे म्हणून."

नारळ फुटला. देव निवळला असावा. गेणबा निवळला नाही. "आन् ही कापलेली पात? तिचं काय?"

सगळ्यांनी म्हातारीकडे पाहिलं. गोजराबाई, गेणबाची आई. तिने काठी माझ्यावर रोखली. "ज्यानं पात धरली त्यानं ती बांधाला न्यायची. मधी सोडली तर सुगी अडती. चल, बाबा. वाक."

"मी? पार खालपर्यंत?"

"न्हाई तर काय त्यो कोंबडा कापंल?"

पात म्हणजे कापणाऱ्याच्या वाट्याची पट्टी, आणि माझी पट्टी पाण्यापर्यंत जात होती. पहिल्या दहा हातांत माझ्या पाठीत किती मणके आहेत ते मला कळलं. पुढच्या दहा हातांत प्रत्येकाचा स्वभाव कळला. बांधावरून दिगंबरराव कॅमेरा मिटून पाहत होते. गोजराबाई माझ्या बरोबरीने चालत होती.

"खालनं धर. दाढी करतुयास व्हय?"

"हो, आजी."

"कुनाचं म्हनायचं तुमी?"

मी धापा टाकत वडिलांचं नाव सांगितलं. काठी थांबली.

"पुन्याच्या तात्यांचा ल्योक व्हय तू?"

"ओळखता?" मला इतका आनंद झाला की विळा पडला. "म्हणजे शेत आमचंच! जांभळ, म्हसोबा..."

"तुमचं वावर हाय की. पर ह्ये न्हाई." आम्ही पाण्याच्या काठाशी पोचलो होतो. तिने काठी उचलून समोर धरली. "तितं."

मी पलीकडचा तीर पाहिला. "त्या तीराला?"

"तीराला न्हाई. मधी. त्यो पानकावळा दिसतुया न्हवं? त्याच्या खाली तुमचं आंबेमोहोराचं खाचर."

पाणकावळ्याने बुडी मारली. बऱ्याच वेळाने वर आला. माझ्या खाचरातून त्याने एक मासा आणला होता.

"बाबा!" कुमुद ओरडली. "आपल्या शेतात पक्षी पोहतोय!"

गोजराबाई माझ्याकडे पाहत होती. "पानी चढाया लागलं तवा तात्यास्नी सांगावा धाडला, देव घिऊन जा म्हून. आले. बांधावर हुबं ऱ्हायले. देव न घेताच माघारी गेले. मंग आमीच देव वर आनला. तितल्याच जांभळीची बी लावली हितं. म्हनलं, देवाला सावलीची सवय हाय."

मी जे बोलू नये तेच बोललो. "मग दरवर्षी तांदूळ कोण पाठवतं?"

"कसला तांदूळ?" गेणबा म्हणाला.

मी हिच्याकडे पाहिलं. ही पाण्याकडे पाहत होती. दिगंबरराव कॅमेऱ्याची पिशवी उघडून मिटत होते.

निघताना गोजराबाईने माझ्या पातीतली पहिली पेंढी बांधून मोटारीत ठेवली. "पात पुरी केलीस, ही तुजी. आन् उन्हाळ्यात ये. पानी हटलं की जुन्या जांभळीचं खोड दिसतंय. बघून जा."

परतीच्या वाटेवर दिगंबरराव एक शब्दही चेष्टेचा बोलले नाहीत. माणसाने असं वागू नये. फार लागतं.

घरी आल्यावर पेंढी दाराला बांधत ही म्हणाली, "भवानी पेठेतल्या दुकानातून. आधी आई आणायच्या, मग मी."

"आणि पोतं उलटं?"

"दुकानाचा शिक्का आत जावा म्हणून. तुम्ही शाळेत गेलात की आई उलटं करायच्या. पुढं तुम्ही कचेरीत गेलात की मी."

"पण मला सांगायचं नाही?"

"तात्या सांगणारच होते. पण त्याच आठवड्यात 'आमचे शेत' या निबंधाला तुमचा पहिला नंबर आला. पेढे वाटून झाले होते. मग राहूनच गेलं."

म्हणजे गेली तीस-पस्तीस वर्षं मी त्या निबंधातच राहत होतो!

"दिगंबररावांना माहीत होतं?"

"दादाला आपल्या लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी सांगितलं."

"मग दरवर्षी 'वा' कशाला म्हणतात?"

"तांदूळ चांगलाच असतो की!"

मंगळवारी माझं पोस्टकार्ड परत आलं. त्यावर लाल शाईत लिहिलं होतं, 'जागा सापडत नाही.'

आणि पुढच्या शनिवारी दुपारी कचेरीतून लवकर आलो, तर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पोतं. सुलट! दुकानाचं नाव, पेठ, घर नंबर, वीतभर अक्षरांत. "आता काय लपवायचं?" असं म्हणून ही देवळात गेली. मलाही ते पटलं. सत्य हे सत्य. माणसाने एका वयानंतर सुलट पोत्यानिशी जगावं.

इतक्यात जिन्यावर चपला वाजल्या. हैबतराव! दरवर्षीप्रमाणे शेतातला तांदूळ पाहायला!

"अहो, आहात का घरात?"

"थांबा!" मी कडी घातली. "कपडे बदलतोय!"

पोत्यातला सगळा तांदूळ जमिनीवर ओतून, पोतं उलटं करून, तो परत भरायला किती कष्ट पडतात याची मला कल्पना नव्हती. गुडघ्यांवर बसून मी ओंजळी भरत होतो, तांदूळ देव्हाऱ्याखाली पळत होता, आणि आई व ही दोघींनी हे इतकी वर्षं, न बोलता, कसं केलं असेल ते मला पहिल्यांदाच समजत होतं.

"काय हो," बाहेरून हैबतरावांनी विचारलं, "यंदा शेत कसं आहे?"

"बरं आहे!" मी आतून ओरडलो. "यंदा पाणी जरा जास्त झालं, पण पीक उतरलं!"