दस्तगीरचाचांची घंटा

आमच्या गल्लीत नवीन मिक्सर आणायचा तर लपवून आणावा लागतो. कोपऱ्यावर दस्तगीरचाचांचं रिपेरीचं दुकान आहे. कुणाच्या हातात खोकं दिसलं, की चाचा टेस्टर कानावर अडकवून रस्त्यावर येतात आणि विचारतात, "जुन्याला काय झालतं?"

उत्तर पटलं नाही तर जुनी वस्तू दुकानात आणायला लावतात. शेजारच्या पाटीलवहिनींना त्यांनी नवा पंखा परत करायला लावला आणि जुनाच असा फिरवून दिला, की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं. मी चांगला चालणारा टीव्ही काढून भिंतीवर लावायचा पातळ टीव्ही आणला, तेव्हा चाचा आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते.

गेल्या वर्षी आईला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला. मी लांब कागलच्या शाळेत शिकवतो, बायको बँकेत. सांभाळणारी बाई दुपारी जेवण भरवून जायची. मग संध्याकाळपर्यंत आई एकटीच. म्हणून मी एक महागडा कॅमेरा मागवला. आईनं हात हलवला, की माझ्या मोबाइलवर घंटी वाजणार होती.

ते खोकं चाचांनी अडवलंच. मी सगळं समजावून सांगितलं. नेहमीसारखा वाद न घालता त्यांनी खोकं उलटसुलट करून पाहिलं.

"मोबाइलवर वाजंल की, मास्तर. पन यील कोन?"

खोकं मी न उघडताच घरी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी चाचा वायरचं भेंडोळं घेऊन घरी आले. दारावरच्या घंटेचं एक जुनं बटण आईच्या डाव्या हाताशी बसवलं. वायर खिडकीतून, दोन घरांच्या पत्र्यांवरून थेट आपल्या दुकानात नेली आणि घंटा तिथं टांगली. आईनं बटण दाबलं. तिकडं कोपऱ्यावर घंटा खणखणली, आणि कितीतरी दिवसांनी आई हसली.

मी आभार मानू लागलो, तर चाचा उरलेली वायर गुंडाळत खालच्या आवाजात सांगू लागले. त्यांची बायकोही शेवटी अशीच दुकानामागच्या खोलीत पडून होती. ती गेली त्या दुपारी ते दुकानात खडखडणारं मशीन चालवत होते. तिनं हाका मारल्या असणार.

"मला ऐकूच आलं न्हाय," ते म्हणाले.

कॅमेरा मी परत पाठवला. घराची एक किल्ली आता चाचांकडं असते. वर्गात शिकवताना माझा हात सारखा खिशातल्या मोबाइलकडं जात नाही, ही त्यांचीच कृपा.

दुपारी घंटा वाजली, की चाचा शटर अर्धं ओढून येतात, आईला पाणी पाजतात, उशी नीट करतात. पुष्कळदा तिला काहीच नको असतं. चाचांना ते कळतं. मग ते खुर्ची ओढून नुसते तिच्याजवळ बसतात.