विहिरीतली पक्की पार्टी

माझे वडील गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी वसंतकाका समाचाराला आले. सतरंजीवर मांडी घालून बसले, थोडा वेळ डोळे मिटले आणि मग माझ्या आईला म्हणाले, "वहिनी, देवमाशाची एक जात दोनशे वर्षं जगते."

आई रडायची थांबून त्यांच्याकडे बघायला लागली. माझ्या आत्याने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती हे आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही.

"त्या हिशोबात आपले भाऊसाहेब पाळण्यातच गेले म्हणायचे," काका पुढे म्हणाले. "काय बोलणार? पार्टी कच्ची निघाली."

वसंतकाका पागे खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या आमच्या हात्यात राहतात. हाता म्हणजे मधे विहीर, भोवती सात-आठ बिऱ्हाडं आणि उरलेल्या जागेत स्कूटर. काका जन्मभर विम्याचे एजंट. शहरातल्या लष्कर नावाच्या आमच्या भागातल्या निम्म्या मराठी घरांचे विमे त्यांनी उतरवले, त्यामुळे माणसं त्यांना दोनच प्रकारची दिसत. जो हप्ते भरत राहतो आणि मरत नाही ती पक्की पार्टी. बाकी सगळ्या कच्च्या. निवृत्त होईपर्यंत बऱ्याचशा पार्ट्या कच्च्या निघालेल्या, तेव्हा माणसांवरचा त्यांचा विश्वास उडाला आणि ते प्राण्यांकडे वळले.

"ग्रीनलंडचा शार्क घ्या," ते नळावर पाणी भरणाऱ्याला थांबवून सांगत. "शेकडो वर्षं जगतो, भई! थंड पाण्यात पडून असतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. याचा विमा उतरवला असता तर क्लेम द्यायला कंपनीच उरली नसती!" शिंपल्याची एक जात तर त्याहूनही चिवट. "आणि करतो काय तो? तोंड मिटून बसतो. बस्स. तुम्ही पण तोंड मिटून बसा, बघा किती जगता!" हे सांगताना त्यांचं स्वतःचं तोंड तासभर मिटत नसे. म्हातारा झाला की पुन्हा लहान होणारा एक जेलीफिश असतो, तो मात्र त्यांना बिलकुल पसंत नव्हता. "त्याच्याशी धंदाच नाही करायचा. फ्रॉड आहे तो."

त्यांना लग्नाचं आमंत्रण क्वचितच येई, पण मयताच्या घरी ते न बोलावता हजर. कोणी दवाखान्यात असलं की घरचे आधी एकमेकांना विचारत, "वसंतकाकांना कळवलं नाही ना?" मला त्यांचा मनापासून राग यायचा. माझे वडील गेले होते आणि हा माणूस देवमासा घेऊन आला होता. त्यांना रडताना कधी कोणी पाहिलं नव्हतं. सिंधूकाकू, म्हणजे त्यांची बायको, गेली तेव्हासुद्धा ते आलेल्या-गेलेल्याला हत्तीचं आणि पोपटाचं वय सांगत बसले होते. मूलबाळ नव्हतं. त्या दिवसापासून घरात ते एकटेच.

त्यांच्या ओळखीतली खरीखुरी पक्की पार्टी एकच होती, आणि ती आमच्या विहिरीत राहायची. पूर्वी पाणी स्वच्छ राहावं म्हणून विहिरीत कासव सोडायची पद्धत होती. हे कासव काकांच्या आजोबांनी सोडलेलं. आजोबा गेले, वडील गेले, दोघे भाऊ गेले, काकू गेली, आणि कासव आपलं सकाळी वर येऊन पोळीचा तुकडा खाऊन पुन्हा खाली.

दोन वर्षांपूर्वी विहिरीवर स्लॅब टाकून तिथे गाड्या लावायचं हात्यात ठरलं. पाणी तर कोणी पीत नव्हतंच. काका बैठकीत उभे राहिले. "विहीर बंद नाही करायची. आत पार्टी चालू आहे."

"काका, पार्किंग की दिक्कत है ना, समझा करो," समोरच्या बिऱ्हाडातला अमित म्हणाला. "कासव तलावात सोडून येऊ की. तिथे मजेत राहील."

"तिथे त्याला हाक कोण मारेल?" काका ओरडले. सगळे हसले. मीही हसले. काका उठून घरात गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली काका विहिरीच्या कठड्याला टेकून उभे. हातात सोन्याच्या पाटल्या. त्या ते कठड्याच्या दगडावर हळूहळू आपटत होते. थांबून, पुन्हा आपटत. कासव वर आलं. काकांनी पोळी टाकली. मी वरून "काका!" अशी हाक मारली, तर त्यांनी दचकून वर पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. इतकं रागावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

कासव खाली गेल्यावर ते जिन्यापाशी आले, मीही उतरले. "तिच्या पाटल्या आहेत," ते म्हणाले. "लग्न होऊन आली तेव्हापासून हीच पद्धत तिची. हात आपटायची, ते वर यायचं. मी बोललो तर कळेल ना त्याला, की हा दुसराच कोणी आहे. म्हणून बोलत नाही मी तिथे." मग पाटल्या खिशात ठेवत म्हणाले, "त्याला अजून माहीत नाही, ती गेली म्हणून. त्याला वाटतं, तीच आहे. आता एक तेच उरलंय असं."

इतकी वर्षं ज्या माणसाची आम्ही टिंगल केली, तो रोज सकाळी बायकोला थोडा वेळ जिवंत ठेवत होता. मी अमितला सगळं सांगितलं. स्लॅबचा विषय मागे पडला.

पण या उन्हाळ्यात विहिरीनेच दगा दिला. पाणी तळाला गेलं, मग चिखल राहिला, आणि एक दिवस त्या चिखलात कासव नुसतं मान बाहेर काढून बसलेलं दिसलं. पाटल्या वाजल्या तरी ते हलेना. काका दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी आमच्या दारात येऊन म्हणाले, "बेटा, सोडून येऊ त्याला. इथे मरेल ते."

वनखात्यात विचारून त्याला शहराबाहेरच्या तिघऱ्याच्या तलावावर न्यायचं ठरलं. अमितने गाडी काढली. काका मागच्या सीटवर कासवाचं घमेलं मांडीवर घेऊन बसले होते, वर ओलं पोतं. वाटेत एका प्राण्याचंही वय त्यांनी सांगितलं नाही.

काठावर पोचल्यावर काका घमेल्याशेजारी मातीत बसले. मला वाटलं, आता पाटल्या काढतील. त्यांनी काढल्या नाहीत. कासवाच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्यादेखत पहिल्यांदा त्याच्याशी बोलले.

"अरे, ऐक. सिंधू गेली. बरीच वर्षं झाली. मीच सांगितलं नव्हतं तुला."

एवढं बोलले आणि त्यांचा बांध फुटला. खांदे गदगदत होते, आवाज येत नव्हता. अमित तोंड फिरवून गाडीकडे गेला. मी त्यांच्याजवळ बसले, त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्यांचं सांत्वन करायला माझ्याकडे देवमासाही नव्हता.

बऱ्याच वेळाने त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, कासवाला दोन्ही हातांनी उचललं आणि गुडघाभर पाण्यात गेले.

"घरातलं माणूस गेल्याचं कळलं की डोक्यावरून पाणी घ्यायचं असतं," ते म्हणाले आणि त्याला पाण्यात सोडलं. मग तिथेच उभ्या उभ्या त्यांनी ओंजळ भरून स्वतःच्या डोक्यावर घेतली.