एका मैत्रिणीला विचारायचंय

आमच्या शेजारचा मनोज कधी बेल वाजवायचा नाही. बेल होती, चालू होती. तरी हा नखानं दारावर टकटक करायचा, आणि मी दार उघडलं की दोन पावलं मागं सरकून म्हणायचा, "मावशी, एका मैत्रिणीला विचारायचंय."

पुढं जे विचारायचा, ते ऐकून मी दर वेळी गार पडायचे.

पहिला प्रश्न निऱ्यांचा. रहाटणीतली आमची बिल्डिंग, गॅसवर कुकर चढवलेला, आणि दारात हा सहा फुटी माणूस, गळ्यात चाकणच्या कंपनीचं ओळखपत्र, मला विचारतोय की साडीची निरी किती रुंद घ्यायची. म्हटलं, चार बोटं. तर म्हणतो, "कुणाची बोटं?"

आता घ्या. माझ्या आईनं नाही विचारलं, सासूनं नाही विचारलं. पण मनोज कंपनीत क्वालिटीला. दिवसभर पार्ट मोजायचे, मापात बसला तर पुढं, नाही बसला तर बाजूला. 'अंदाजानं' हा शब्दच त्याला सोसायचा नाही. त्यानं मला हात पुढं करायला लावला, शेजारी स्वतःचा पंजा धरला, जरा वेळ बघितलं आणि म्हणाला, "म्हणजे मैत्रिणीची तीनच." आणि गेला. मी तिथंच उभी. या मैत्रिणीचे हात आहेत तरी केवढे?

मग रांगच लागली. रिक्षात चढताना निऱ्या कुठल्या हातात धरायच्या. रुंद पंजात बांगडी कशी चढवायची. बसमध्ये ओढणी सारखी घसरते, तर पिन कुठं मारायची. मी सांगायला लागले की हा फोन पुढं करायचा, "यात बोला ना, मैत्रिणीला ऐकवतो." मी बोलायचे. सातवी शिकलेली बाई मी, बोलायला मला काय लागतंय! माझा मुलगा मी बोलायला लागले की "हं, हं" करत टीव्ही बघतो. इथं माझा शब्द न् शब्द फोनमध्ये भरून नेणारा माणूस भेटला होता. मी तर बांगडीच्या प्रश्नाला साबणाच्या पाण्यापासून माझ्या लग्नातल्या कासारापर्यंत सगळं सांगितलं.

एकदा मीच उलटं विचारलं. वय झालं की हनुवटीवर दोनचार राठ केस येतात. बायका बोलत नाहीत, पण येतात. म्हटलं, तुझ्या मैत्रिणीला काही माहीत असलं तर बघ. जेवणं उरकायच्या आत उत्तर हजर. आंघोळीनंतर उपटा, केस ज्या अंगाला वाढतो त्याच अंगाला ओढा, वरून बर्फ फिरवा, त्या दिवशी उन्हात जाऊ नका. आणि शेवटी निरोप, मावशींना म्हणावं लाजू नका, आम्हा सगळ्यांनाच हा ताप आहे.

सगळ्यांनाच? मी पुन्हा गार. जिला निरी घालता येत नाही, तिला हनुवटीच्या केसांचं एवढं ज्ञान? कसली ही मुलगी?

उलगडा झाला असं मला वाटलं ते आणखी काही दिवसांनी. मनोज आला, नेहमीपेक्षा एक पाऊल जास्तच मागं उभा राहिला, आणि म्हणाला, मैत्रीण बोलताना चुकते. 'मी आले' म्हणायचं तिथं 'मी आलो' निघून जातं. घाबरली की जास्तच.

हात्तिच्या! म्हणजे पोरगी परप्रांतातली. मराठी शिकतेय. म्हणून साडीही येत नाही. मी मनातल्या मनात मुंडावळ्यासुद्धा बांधून मोकळी झाले. फोन तोंडाजवळ घेतला आणि शाळेतल्या बाईंसारखं ठासून सांगितलं, "मी बाजारात गेले. मी मेथी घेतली. मी दमले. मी घरी आले. आणि हे बघ पोरी, घाबरायचं नाही. 'आले' म्हणायचं आणि सरळ आत यायचं."

मनोजनं फोन खिशात ठेवला. डोळे पुसल्यासारखं केलं. मला वाटलं, फोडणीचा ठसका लागला.

त्याच संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये बसणाऱ्या बायकांना मी बातमी दिली. मनोजचं जमलंय, मुलगी बिहारकडची दिसते, हाडापेरानं मोठी आहे, पण शिकायची हौस फार.

आणि मग चिखलीचा तो बाजार आला.

बहिणीकडं गेले होते. येताना मेथी घ्यावी म्हटलं, तर भाजीवाला पिवळी जुडी माझ्या गळ्यात मारायला बघतोय. आमचं चांगलं वाजलं. तेवढ्यात माझ्या पाठीमागं कुणीतरी हळूच म्हणालं, "मी बाजारात गेले. मी मेथी घेतली."

माझेच शब्द. माझाच ठेका. वळून बघते तर एक उंच मुलगी, अंगात पंजाबी ड्रेस, ओढणीला पिन मी सांगितलेल्या जागी. हसतेय आणि डोळ्यांत पाणी.

"तुम्ही रहाटणीच्या मावशी ना? आवाजावरून ओळखलं."

म्हटलं, बाई, तू मनोजची मैत्रीण का? तर ती गोंधळली. म्हणाली, मनोज कोण? मीराताई तुमचे आवाज ग्रुपवर टाकतात, आम्ही सगळ्या ऐकतो. तुमच्या शेजारीच राहतात ना त्या? उंच, चाकणला क्वालिटीला?

माझ्या हातातली जुडी हातातच राहिली.

ती समजली. जीभ चावली. मग मला बाजूला घेऊन हळूहळू सांगितलं. "आम्हाला घरच्यांनी मुलगे म्हणून वाढवलं, मावशी. पण आम्ही मुली आहोत. या गोष्टी आम्हाला आई शिकवत नाही. मग आम्हीच एकमेकींना शिकवतो, फोनवर." कुणी तळेगावची, कुणी लातूरची, कुणी कुठली. आणि मीराताई सगळ्यांची थोरली. त्यांचा नियम आहे म्हणाली, 'मी आले' आधी ग्रुपवर म्हणायचं, मग आरशासमोर, मग एका तरी माणसासमोर.

"मला तिसरं जमलं," ती म्हणाली. "मीराताईंचं अजून राहिलंय."

घरी कशी आले ते मला आठवत नाही. सिग्नलला टाळी वाजवणाऱ्या तृतीयपंथीयांना मी बघितलं होतं, क्वचित दोन शब्द बोललेही होते. पण कंपनीच्या बसनं जाणारी, माझ्या भिंतीपलीकडं राहणारी, माझा पंजा मोजणारी? इतके दिवस मैत्रीण माझ्या दारातच उभी होती, आणि मी तिचं लग्न तिच्याशीच लावत होते!

इथून पुढं मी 'ती' लिहिते. वाचणाऱ्यांनी सवय करावी, मीही केली. नावं बदललीत. लिहू का म्हणून तिला विचारलं होतं, तर म्हणाली, एका मैत्रिणीला विचारून सांगते.

बाजारातल्या मुलीनं तिला बहुतेक कळवलं असावं, कारण टकटक बंद झाली. जिन्यात भेटली तर मान खाली. भिंतीपलीकडून आवाज मात्र येत राहिला. तो पूर्वीही यायचा, मी कान दिला नव्हता. "जेवलीस का? आज कुणी काही बोललं का? रडून घे, मी फोन ठेवत नाही." एकीचं झालं की दुसरी. सगळ्यांना जेवलीस का विचारणाऱ्या त्या घरातून कुकरची शिट्टी काही ऐकू यायची नाही.

खाली बायकांनी विचारलं, बिहारची सून कधी आणताय? म्हटलं, मोडलं ते. आयुष्यात पहिल्यांदा मी एक गोष्ट पोटात ठेवली आणि पोट फुटलं नाही, हाही एक धक्काच.

मग कळलं, तिनं घरमालकाला खोली सोडते म्हणून सांगितलंय.

मी बेल वाजवायला जाणारच होते. रविवार होता, मी पदर खोचून चपला शोधत होते, तर दारावर नख वाजलं.

उघडलं. दोन पावलं मागं, तशीच. दाढी घोटून केलेली, डोळे सुजलेले.

"मावशी, एका मैत्रिणीला विचारायचंय."

"विचार."

"तिच्या शेजारच्या मावशींना तिचं सगळं कळलंय. तिनं जागा सोडावी का?"

निऱ्या, बांगड्या, हनुवटीचे केस, काय काय विचारलं होतं या पोरीनं. पण या प्रश्नानं जशी गार पडले तशी कधीच पडले नव्हते. मी, सातवी शिकलेली, मेथीवरून भांडणारी बाई, आणि मला घाबरून कुणी घर सोडतंय?

एरवी तासभर बोलले असते. तेव्हा एवढंच सुचलं.

"मैत्रिणीला म्हणावं, मावशीनं चहा टाकलाय. बाहेर उभं राहायचं नाही. आत ये."

ती उंबऱ्याकडं बघत राहिली. इतक्या दिवसांत तो तिनं एकदाही ओलांडला नव्हता. ओठ हलले. "आलो" असंच काहीतरी निघत होतं, ते अर्ध्यात गिळलं. मी दार धरून उभी राहिले. आत चहा उतू गेला, जाऊ दिला.

"आले, मावशी," ती म्हणाली.

आणि आली.